हेलिकॉप्टरमध्ये काही बिघडलं तर पहिल्या काही सेकंदांत काय करायचं

जे कोणी हेलिकॉप्टरचं सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करतायत किंवा नुकतंच लायसन्स हातात पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण या विषयावर मराठीत फार कमी सापडतं आणि इंग्रजी मॅन्युअल वाचून पाठ होतं पण डोक्यात उतरत नाही. आकडे देतोय ते मुख्यतः रॉबिन्सन आर-४४ चे आहेत, बऱ्याच जणांचं शिक्षण त्याच्यावर होतं म्हणून. तुमच्या मशीनचं फ्लाइट मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तेच खरं धरा, आणि यातलं काहीही इन्स्ट्रक्टर शेजारी नसताना करून बघू नका.

एक गोष्ट आधी सांगतो, बाकी सगळं तिच्याच भोवती आहे. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही. चालू इंजिनाचं, धडधाकट मशीन आपण कुठल्याही मोकळ्या शेतात, माळावर, शाळेच्या मैदानावर टेकवू शकतो, विमानवाल्यांना हे सुख नाही. तरीही माणसं ढगात शिरून, पेट्रोल संपवून, लाइट पेटलेला असताना "अजून दहाच मिनिटं" करत जातात. त्यामुळे इमर्जन्सी हाताळणं म्हणजे अर्धं काम हातापायाचं आणि अर्धं काम वेळेवर खाली बसायचा निर्णय घेण्याचं. हा दुसरा भाग परीक्षेत कोणी विचारत नाही पण माणसं त्यानेच वाचतात.

क्रम कायम एकच. आधी मशीन उडवा, मग कुठे जायचं ते ठरवा, मग रेडिओवर बोला. मेडे तीन वेळा म्हणायचं असतं, ट्रान्सपाँडरला (रडारला कोड पाठवणारं यंत्र) ७७०० लावायचं असतं, कोणी फ्रिक्वेन्सीवर नसेल तर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं असतं, हे सगळं बरोबर आहे पण ते तिसऱ्या नंबरवर. हात मोकळा नसेल तर बोलूच नका, टॉवरवाला तुमचं कलेक्टिव्ह (पंख्याची उचल कमी-जास्त करणारी डाव्या हाताची दांडी) खाली करायला येणार नाहीये.

इंजिन बंद पडलं

इंजिन गेलं की पंखा थांबतो आणि मशीन सरळ खाली पडतं असं बहुतेकांना वाटतं, घरचेही हाच प्रश्न विचारतात. तसं होत नाही. खाली येताना हवा पंख्यातून खालून वर जाते आणि तीच पंख्याला फिरवत ठेवते, याला ऑटोरोटेशन म्हणतात, आणि व्यवस्थित केलं तर शेवटी अलगद टेकता येतं. अट एकच, पंख्याचे आरपीएम (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) जाऊ द्यायचे नाहीत. एकदा ते ठरावीक मर्यादेखाली गेले की पाती स्टॉल होतात, म्हणजे त्यांची उचल जाते, आणि मग हवेत असताना ते परत आणायचा काही मार्ग नाही.

म्हणून पहिलं काम, कलेक्टिव्ह खाली. लगेच. इंजिन का बंद पडलं हा विचार नंतर. हलक्या पंख्याच्या मशीनमध्ये, आर-२२ सारख्या, तुमच्या हातात जेमतेम सेकंद-दीड सेकंद असतो आणि त्यातला निम्मा "हे काय झालं" यातच जातो. त्यामुळे ही हालचाल इतकी अंगवळणी पडली पाहिजे की नाक झटक्यात वळलं, आवाज पडला की डावा हात आपोआप खाली गेलेला असेल. त्याच वेळी पेडल, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारा पायाचा कंट्रोल. आर-४४, बेल ४०७ यांचे पंखे वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतात, इंजिन गेलं की नाक डावीकडे जातं, मग उजवं पेडल. चेतक, चीता, एच-१२५ या फ्रेंच घराण्यातल्या मशीनचा पंखा उलटा फिरतो म्हणून तिथे सगळं उलट, डावं पेडल. एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशी जमिनीवर बसून, डोळे मिटून, हातपाय हलवून घोकावं.

मग वेग सांभाळा. आर-४४ मध्ये साधारण ७० नॉट, आणि कलेक्टिव्हने आरपीएम ९७ ते १०८ टक्क्यांत ठेवायचे. वाऱ्याच्या तोंडावर वळा, जागा निवडा. अंतर फार जात नाही बरं का, वेग ९० ला नेऊन आरपीएम ९० टक्क्यांवर ठेवून ताणलं तरी एक नॉटिकल मैल जायला साधारण १३०० फूट उंची खर्च होते, आणि जमीन जवळ आली की ते आरपीएम परत वर आणावे लागतात. म्हणजे समोर दिसणारं छानसं मैदान बहुतेक वेळा आवाक्याबाहेर असतं आणि खरी जागा तुमच्या पायाखाली जवळपासच असते. मी शिकवताना एकच सवय लावायला सांगतो, उडताना सतत मनात म्हणत राहा, आत्ता गेलं तर कुठे, आत्ता गेलं तर कुठे. उसाचा फड हिरवागार दिसतो पण आत शिरलात की पाती अडकतात, द्राक्षबागेत तारा आणि खांब असतात, भातखाचराला बांध असतात. कापणी झालेलं ज्वारीचं किंवा सोयाबीनचं शेत त्यातल्या त्यात उत्तम. आणि तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असंच धरायचं.

साधारण ४० फुटांवर फ्लेअर, म्हणजे सायक्लिक (पंखा पुढे-मागे-बाजूला कलवणारी उजव्या हाताची दांडी) मागे घेऊन वेग आणि खाली येण्याचा रेट दोन्ही मारायचे. ८ फुटांच्या आसपास सायक्लिक पुढे करून मशीन सपाट करायचं, आणि टेकायच्या अगदी आधी कलेक्टिव्ह वर खेचून पंख्यात साठलेली ताकद वापरून टाकायची. ही ताकद एकदाच मिळते. घाबरून २० फुटांवर कलेक्टिव्ह खेचलं तर उरलेले फूट नुसते पडण्याचे. टेकताना नाक सरळ असलं पाहिजे, तिरकं टेकलं की स्किड (चाकांऐवजी खाली असलेल्या पट्ट्या) अडकून आडवं होतं. मशीन मोडलं तरी चालेल, सपाट आणि हळू टेकलात तर आतली माणसं चालत बाहेर येतात.

प्रत्येक मॅन्युअलमध्ये उंची आणि वेगाचा एक आलेख असतो, पायलट लोक त्याला डेड मॅन्स कर्व्ह म्हणतात. त्यातल्या काळ्या भागात, म्हणजे कमी वेग आणि ना धड खाली ना धड वर अशा उंचीवर, इंजिन गेलं तर ऑटोरोटेशन पूर्ण करायला ना वेग असतो ना उंची. फोटोसाठी, पुष्पवृष्टीसाठी, पाहणीसाठी १०० फुटांवर एका जागी थांबा असं कोणी सांगितलं तर तुम्ही सिंगल इंजिनात नेमके तिथे आहात हे लक्षात ठेवा. नाही म्हणायचा अधिकार तुमचा आहे. कमी उंचीच्या हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबलेले असताना, इंजिन गेलं तर मात्र कलेक्टिव्ह खाली करायचं नाही, पेडलने नाक सरळ धरायचं आणि बसत असताना कलेक्टिव्ह वर घेऊन टेकवायचं.

लो आरपीएमचा हॉर्न वाजला, आर-४४ मध्ये तो ९७ टक्क्यांवर वाजतो, तर थ्रॉटल वाढवा आणि त्याच वेळी कलेक्टिव्ह थोडं खाली, पुढे जात असाल तर सायक्लिक किंचित मागे. माणूस खाली जातोय म्हणून घाबरून कलेक्टिव्ह अजून वर ओढतो आणि उरलेसुरले आरपीएम घालवतो, हीच जीवघेणी प्रतिक्रिया आहे. कार्ब्युरेटरवालं मशीन असेल तर कोकणातल्या दमट हवेत, बाहेर २०-२५ डिग्री असतानाही आत बर्फ धरू शकतो, कार्ब्युरेटरच्या तापमानाचा गेज बघत राहा.

शेपटीचा पंखा

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, टेल रोटर खरंच मोडलाय किंवा त्याचा शाफ्ट गेलाय. दोन, टेल रोटर ठीक आहे पण हळू वेगात, जास्त पॉवरवर, चुकीच्या दिशेच्या वाऱ्यात तो पुरा पडत नाहीये आणि नाक आपोआप गरगर वळायला लागलंय. दुसऱ्या प्रकारात, घड्याळाच्या उलट पंख्यात नाक उजवीकडे वळत असेल तर पूर्ण डावं पेडल, अगदी टोकापर्यंत, आणि ते तिथेच धरून ठेवायचं. सायक्लिक पुढे करून वेग घ्यायचा, उंची असेल तर कलेक्टिव्ह कमी. बऱ्याच जणांना दोन गिरक्या झाल्या की वाटतं पेडल काम करत नाही आणि ते सोडून देतात. सोडू नका, थांबायला वेळ लागतो.

खरंच मोडलं असेल आणि तुम्ही हॉवरमध्ये असाल तर थ्रॉटल बंद, टॉर्क (इंजिनाचा मशीनला वळवणारा जोर) गेला की गिरकी मंदावते, मग कलेक्टिव्हने टेकवा. वेगात असाल तर शेपटीचा उभा पंख काही प्रमाणात नाक सरळ धरतो, वेग टिकवत मोठी सपाट जागा गाठायची आणि तिथे ऑटोरोटेशन. पेडल नुसतं एका जागी अडकलं असेल तर बऱ्याचदा रन-ऑन, म्हणजे घसरत लँडिंग जमतं. २४ मे २०२४ ला केदारनाथला एक हेलिकॉप्टर हेलिपॅडजवळ येताना गरगरत खाली आलं, पॅडच्या बाहेर टेकलं, आतले सगळे वाचले. केदारनाथ साधारण ३५८० मीटरवर आहे, तिथल्या विरळ हवेत टेल रोटरकडे शिल्लक ताकद फार थोडी असते, म्हणून तिथे मागून वारा घेऊन हॉवर करणं हा जुगार आहे.

स्वतःच्याच वाऱ्यात बसणं

व्होर्टेक्स रिंग स्टेट. वेग ३० नॉटच्या खाली, पॉवर लावलेली, आणि खाली येण्याचा रेट मिनिटाला ३०० फुटांच्या वर, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मशीन स्वतःच फेकलेल्या हवेत बसतं आणि कलेक्टिव्ह ओढाल तितकं जास्त खाली जातं. आजूबाजूला झाडं किंवा इमारती आहेत म्हणून उभं उतरायचा मोह होतो, मागून वारा आहे हे कळत नाही, तिथे हे घडतं. सुरुवातीला मशीन थरथरतं, सायक्लिक सैल लागतं. उंची असेल तर सायक्लिक पुढे, कलेक्टिव्ह कमी, स्वच्छ हवेत बाहेर पडा. स्विस पायलट क्लॉड व्युशार यांची पद्धत उंची कमी घालवते, तिच्यात पॉवर चढाईइतकी वाढवायची आणि सायक्लिकने बाजूला कलवायचं, आर-४४ सारख्यात उजवीकडे, सोबत डावं पेडल. दोन्ही इन्स्ट्रक्टरबरोबर भरपूर उंचीवर शिका.

दोन पात्यांच्या मशीनमध्ये, म्हणजे आर-२२, आर-४४ मध्ये, सायक्लिक एकदम पुढे ढकलू नका. पोटात हलकं वाटलं आणि मशीन उजवीकडे कलायला लागलं तर आधी सायक्लिक हळूच मागे, पंख्यावर वजन परत आलं की मगच कल सुधारा. उलट क्रमाने केलं तर पंख्याचा हब (पाती जोडलेला मधला भाग) मास्टवर (पंख्याच्या उभ्या दांड्यावर) आपटतो, आणि मास्ट तुटल्यावर पायलटच्या हातात काहीच उरत नाही. घाटमाथ्यावर हवा उसळत असेल तर वेग कमी करा.

लाइट, हायड्रॉलिक, आग

मॅन्युअलमध्ये तीन शब्दप्रयोग असतात, लँड इमिजिएटली, लँड अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल आणि लँड अ‍ॅज सून अ‍ॅज प्रॅक्टिकल. पहिला म्हणजे आत्ता, खाली दिसेल तिथे. दुसरा म्हणजे जवळच्या पहिल्या सुरक्षित जागी. तिसऱ्यात थोडा विचार करून सोयीच्या ठिकाणी जाता येतं. कुठला लाइट कुठल्या गटात बसतो हे पाठच पाहिजे. गिअरबॉक्सचा चिप लाइट (तेलात धातूचे कण सापडल्याचा) पेटला आणि सोबत आवाज, थरथर किंवा तापमानात वाढ दिसली तर पुढच्या हेलिपॅडचा विचार सोडा, शेत बघा. आर-४४ चा क्लच लाइट अधूनमधून क्षणभर लागतो ते ठीक, पण १० सेकंदांत विझला नाही तर सर्किट ब्रेकर ओढा, पॉवर कमी करा आणि लगेच उतरा.

हायड्रॉलिक (कंट्रोल हलके करणारी यंत्रणा) गेलं की सायक्लिक दगडासारखं जड होतं. आर-४४ मध्ये स्विच ऑन आहे का बघा, असूनही परत आलं नाही तर स्विच ऑफ, हाताला झेपेल अशा वेगावर या आणि लांब सपाट जागेवर घसरत लँडिंग. हॉवर करायला जाऊ नका, थकलेल्या हाताने हॉवर जमत नाही.

उडताना आग लागली तर ऑटोरोटेशनमध्ये शिरून खाली, वेळ असेल तर बॅटरी मास्टर बंद, केबिन हीट बंद, व्हेंट उघडा. इंजिन चालू असेल तर नेहमीसारखं उतरून मग इंधन बंद करा, इंजिन गेलं असेल तर इंधनाचा व्हॉल्व्ह बंद करून ऑटोरोटेशन पूर्ण करा.

ढग

यावर मला सगळ्यात जास्त पोटतिडकीने सांगायचंय, कारण इथे मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांना घेऊन जाणारं एमआय-१७ व्ही-५ पडलं, वायुदलाच्या चौकशीत यांत्रिक बिघाड किंवा घातपात सापडला नाही, अचानक हवामान बदलून ढगात शिरल्यामुळे पायलटचं दिशेचं भान गेलं आणि चालू मशीन जमिनीला धडकलं असं म्हटलं. मशीन दणकट, वायुदलाचे पायलट, तरीही. आपला सह्याद्री जूनपासून असाच असतो, खोपोलीपर्यंत स्वच्छ आणि घाट चढला की पांढरं.

म्हणून आकडा आधीच जमिनीवर ठरवा, दृश्यता एवढी झाली किंवा ढग एवढे खाली आले की परत फिरायचं. ढगाखालून दाबत दाबत वेग ६० वर आणावा लागतोय, उंची ५०० च्या खाली चाललीय, हीच इमर्जन्सी आहे, फक्त लाइट पेटत नाही. तिथेच वळा किंवा तिथेच उतरा. मागे साहेब बसलेत, सभा आहे, मंत्री वाट बघतायत, यातलं काहीही कलेक्टिव्ह धरलेल्या माणसाने मनावर घ्यायचं नाही.

शिरलातच तर बाहेर बघणं बंद करा, अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर सपाट, वेग स्थिर, पॉवर लावून डोंगरापेक्षा वर चढा, आलात त्या दिशेला हळू वळा, मग एटीसीला स्पष्ट सांगा की मी ढगात आहे. कान आणि पाठ जे सांगतील ते खोटं धरा.

जमिनीवर

बरेच प्रकार स्किड जमिनीला टेकलेले असतानाच होतात. डायनॅमिक रोलओव्हर त्यातला मुख्य. मराठवाड्यातली काळी माती पावसानंतर स्किड धरून ठेवते, एक स्किड रुतलेलं, तुम्ही कलेक्टिव्ह वर घेताय, आणि मशीन त्या स्किडभोवती फिरायला लागतं. काही अंशांतच अशी अवस्था येते की विरुद्ध सायक्लिक पूर्ण दिलं तरी थांबत नाही. उपाय एकच, कलेक्टिव्ह खाली, सफाईने पण ठामपणे, आपटून नाही. टाळायचा मार्ग म्हणजे उचलताना अगदी हळू, आधी हलकं करा, दोन्ही स्किड सुटतायत ना बघा, बांधलेली दोरी सुटलीय ना हे स्वतः उतरून बघा.

ग्राउंड रेझोनन्स तीन किंवा जास्त पात्यांच्या, सांधे असलेल्या पंख्याच्या मशीनला होतो, चेतकसारख्या. एका चाकावर आपटलं की पाती एका बाजूला गोळा होतात आणि मशीन हलत हलत काही सेकंदांत स्वतःचे तुकडे करून घेतं. आरपीएम उड्डाणाइतके असतील तर लगेच हवेत उचला, हलणं थांबतं. कमी असतील तर कलेक्टिव्ह खाली, थ्रॉटल बंद, रोटर ब्रेक.

स्टार्टला पिस्टन इंजिनात आग दिसली तर क्रँक करत राहा, आग आत ओढली जाते. टर्बाइनमध्ये तापमान मर्यादेकडे पळायला लागलं तर इंधन तोडा आणि स्टार्टर फिरवत ठेवून गरम हवा बाहेर काढा. काट्याकडे डोळा आणि थ्रॉटलवर हात, स्टार्टच्या वेळी फोन नाही, गप्पा नाहीत.

निवडणुकीच्या दिवसांत तात्पुरत्या हेलिपॅडवर मैदानाला टँकरने पाणी मारलंय का, तारा कुठे आहेत, मंडपाचे कापड बांधलंय का हे निघायच्या आधी फोनवर विचारा. धुळीत जमीन दिसेनाशी झाली तर तिथेच चाचपडू नका, उठा आणि परत या. २५ मे २०१७ ला निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्या उडाल्या उंची गमावून विजेच्या तारांत अडकून कोसळलं होतं, नशिबाने सगळे वाचले. लातूरचा मे महिना म्हणजे तापलेली पातळ हवा, तिथे हॉवरमध्ये थांबून किती पॉवर लागतेय आणि किती शिल्लक आहे हे बघितल्याशिवाय पुढे जायचंच नाही. शिल्लक नसेल तर एक माणूस किंवा एक बॅग खाली उतरवा.

आणि माणसं. २३ एप्रिल २०२३ ला केदारनाथच्या हेलिपॅडवर एका सरकारी अधिकाऱ्याचा शेपटीच्या पंख्याने जीव गेला. फिरणारा टेल रोटर डोळ्याला दिसतच नाही. माणसांनी समोरून, पायलटला दिसेल असं, खाली वाकून यायचं, उतार असेल तर उताराच्या खालच्या बाजूने, टोपी-उपरणं हातात घट्ट. पंखा चालू असताना शेपटीच्या बाजूला एक माणूस उभा करा, त्याचं काम फक्त लोकांना अडवायचं.

पाण्यावर

बॉम्बे हायला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. २८ जून २०२२ ला ओएनजीसीच्या सागर किरण रिगजवळ एस-७६डी समुद्रात उतरलं, नऊ जणांपैकी चार गेले. फ्लोट (पाण्यावर तरंगवणारे फुगे) असले तरी हेलिकॉप्टर उलटायची तयारी ठेवा, इंजिन आणि गिअरबॉक्स वर असतो, वजन वर. एका हाताने खिडकीची चौकट धरून ठेवा, पंखा थांबून हालचाल संपेपर्यंत पट्टा सोडू नका, बाहेर पडल्यावरच लाइफ जॅकेट फुगवा. आत फुगवलं तर तुम्ही छताला चिकटता. पाण्याखालून बाहेर पडायचं ट्रेनिंग, ह्यूएट, कंपनी सांगते म्हणून उरकू नका, दिशा उलटी होते तेव्हा नक्की काय वाटतं हे तिथेच कळतं.

उतरल्यानंतर

शेतात सुखरूप टेकलात की पाच मिनिटांत अख्खं गाव गोळा होतं, पोरं धावत येतात. पंखा पूर्ण थांबेपर्यंत प्रवाशांना आत ठेवा, आग नसेल तर. थांबल्यावर एकाला शेपटीकडे उभं करा, कोणाला बिडी पेटवू देऊ नका, जखमी असतील तर १०८ ला फोन. ईएलटी (अपघातात आपोआप सिग्नल देणारं यंत्र) चालू झालाय का बघा, तो ४०६ मेगाहर्ट्झवर सिग्नल देतो, सगळे ठीक असतील तर एटीसीला फोन करून तसं कळवा म्हणजे शोधाशोध सुरू होणार नाही. कंपनीला, डीजीसीएला कळवा, अपघात असेल तर एएआयबीची (विमान अपघातांचा तपास करणारी सरकारी यंत्रणा) माणसं येईपर्यंत जीव वाचवण्यापुरतं सोडून काही हलवू नका. आणि लाइट विझला, आता बरं वाटतंय म्हणून परत स्टार्ट करून स्वतः उडवत नेऊ नका. इंजिनिअर येऊ दे, चिप डिटेक्टर उघडून बघू दे, त्याने सही केल्यावर मग निघा, तोवर मशीन रात्रभर शेतात राहिलं तरी हरकत नाही, राखणीला गावातला कोणीतरी नक्की मिळतो.